ताडपत्रीचे दगड

डिसेंबरात खाडीच्या तोंडाशी जवळा लागला, की दिवाळे गावात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. होड्या धक्क्याला लागतात, पाट्या बायकांच्या डोक्यावर चढतात आणि घरांमागच्या सिमेंटच्या खळ्यावर ती नखाएवढी गुलाबी मासळी पसरली जाते. दिवसभर ती खाली-वर करायची, कावळ्या-मांजरांना हाकलायचं, सांजेला राशी करून वर ताडपत्री ओढायची, कडेनं दगड ठेवायचे. सकाळी पुन्हा पसरायची. तीन उन्हं लागली, की माल तयार. काम सोपं म्हणतात, पण ते करून कंबर सरळ होत नाही.

खळा शेवंताबाईचा होता. साठी उलटलेली कोळीण. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ आणि हिशेबाला पक्की. घरामागची एक खोली तिनं रिबिका साळव्याला भाड्यानं दिली होती आणि खळ्यावरचं कामही तिलाच. म्हणजे रिबिकाच्या डोक्यावरचं छप्पर आणि हातातलं काम, दोन्ही एकाच बाईच्या पदराला बांधलेलं. हे रिबिका कधी विसरली नाही. शेवंताबाई तर मुळीच नाही.

रिबिका श्रीरामपूरकडची. सहा वर्षांपूर्वी नवऱ्यामागं इकडं आली. नवरा शांतवन एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात रात्रभर गोण्या वाही आणि दिवसा भिंतीकडं तोंड करून झोपे. पोरं दोन. सहा वर्षांची तबिथा आणि तीन वर्षांचा योना. घोरणाऱ्या बापाच्या बाजूला आवाज न करता खेळायची कला दोघांनाही साधली होती. दिवाळ्यात येशूला मानणारं हे एकच घर. कुणी त्यावरून कधी त्रास दिला नाही, पण दर नाताळात "तुमच्यात फटाके असतात का?" हा प्रश्न ठरलेला.

पोरं वाढवायची म्हणजे नुसती जेवू-न्हाऊ घालून भागत नाही, असं रिबिकाच्या आईनं तिला शिकवलं होतं. घास घेण्याआधी देवाचे आभार मानायचे, झोपण्याआधी चटईवर बसून प्रार्थना करायची, आणि चुकलं तर कबूल करायचं. या कबूल करण्याचा रिबिकाच्या घरात एक ठरलेला रस्ता होता. आधी ज्याचं वाईट केलं त्याच्याकडं जायचं, मग देवाकडं. उलटं चालायचं नाही.

दिवाळीच्या सुमारास तबिथानं खळ्यावरचे दोन सुके बोंबील उचलून एका गाभण मांजरीला घातले होते. रिबिकानं तिला दंडाला धरून शेवंताबाईच्या उंबऱ्याशी उभं केलं.

"सांग आजीला."

"आजी, बोंबील मी घेतले. चुकलं. परत नाही घेणार," तबिथा रडत म्हणाली.

शेवंताबाईनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मांजरीनं खाल्लान ना? मग जाऊ दे." मग घरी येऊन चटईवर बसून, हात जोडून, तेच सगळं देवाला. आई एकेक शब्द सांगे, पोर मागून म्हणे. आमेन झाल्यावर रिबिका नेहमीचं वाक्य बोलली, "झालं. जेव आता." त्यानंतर त्या गोष्टीचा पुन्हा कधी विषय काढायचा नाही, हाही नियमच.

आता ही गोष्ट त्या शनिवारची.

सानपाड्याला एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांची मराठी मंडळी, म्हणजे रविवारची उपासना, भरत असे. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिथं लहान मुलांची उपासना होती आणि तबिथाला हातात मेणबत्ती धरून, स्टुलावर उभं राहून बायबलातलं वचन म्हणायचं होतं. मुलांना शिकवणाऱ्या सुमेधाताईंनी तिच्याकडून ते इतकं घोटून घेतलं होतं, की योनाही अर्धं म्हणू लागला होता. पण सोमवारी व्यापाऱ्याची गाडी यायची होती, आणि शेवंताबाईनं साफ सांगितलं होतं, "ऐतवारचा ऊन सोरायचा नाय. तू खल्यावर पायजेस."

म्हणजे पोरांना शांतवन नेणार. रात्रपाळी करून आलेला बाप, पोर वचन म्हणत असताना पहिल्या रांगेत घोरणार, हे तबिथालाही माहीत होतं.

"तू नसशील तर मी कुणाकडे बघून म्हणू?" तिनं विचारलं.

"पप्पांकडं बघ."

"पप्पांचे डोळे मिटलेले असतात."

रिबिकाला हसू आलं आणि वाईटही वाटलं. हा तिसरा रविवार चुकणार होता. पोरांना 'देवाच्या घरी जावं' असं शिकवायचं आणि आपण जवळा परतत बसायचं, हे तिच्या मनाला खात होतं.

शेवंताबाई दुपारीच नातेवाइकांच्या हळदीला गेली. जाताना तिनं बजावलं, "सांजेला ताडपत्री वढ गो. इसरू नको." रिबिकानं सांजेला राशी केल्या. पाठ भरून आली होती. घरी पांढऱ्या फ्रॉकची शिलाई अर्धी राहिली होती, दोन्ही पोरांना न्हाऊ घालायचं होतं. ताडपत्री शेडमध्ये घडी करून ठेवलेली, तिच्याशेजारी दगडांची उतरंड. एकटीनं ती ओढायची म्हणजे अर्धा तास. तिनं वर बघितलं. आभाळ कसं धुतल्यासारखं होतं. फोनमध्ये बघितलं, तर तिथंही उद्याच्या तारखेवर पिवळा सूर्य हसत बसलेला. डिसेंबरात कुठला पाऊस, म्हणून तिनं पदर झटकला आणि घरी आली. फार तर दव पडेल, सकाळी लवकर जाऊन पसरू, असं तिनं स्वतःला सांगितलं.

झोपण्याआधी चटईवर प्रार्थना झाली. तबिथानं पप्पांसाठी मागितलं, गावच्या आजीच्या गुडघ्यांसाठी मागितलं आणि शेवटी डोळे घट्ट मिटून म्हणाली, "आणि देवा, उद्या पाऊस पाड. म्हणजे आईला खळ्यावर जावं लागणार नाही आणि ती माझं वचन ऐकायला येईल."

रिबिका मोठ्यानं म्हणाली, "आमेन."

पहाटे पाच वाजता पत्र्यावर पहिला थेंब वाजला. रिबिकाला वाटलं, कावळा असेल. मग दुसरा, मग सगळा पत्राच वाजायला लागला. ती तशीच अनवाणी धावली. बघते तर राशींच्या बाजूंनी गुलाबी पाणी वाहत होतं आणि उताराच्या कडेला गटारात चाललं होतं. दोन उन्हं खाल्लेला माल फुगून पुन्हा मऊ पडला होता. तिनं शेडमधली ताडपत्री ओढली, घडी मोडली, घसरत-पडत ती राशींवर टाकली. दगड लावायचं भानच राहिलं नाही. ताडपत्रीची टोकं वाऱ्यानं फडफडत होती, ती धरायला ती धावत होती, तेवढ्यात शेवंताबाई डोक्यावर गोणपाट घेऊन आली.

"काय झाला गो?"

आणि रिबिकाच्या तोंडून, विचार करायच्या आत, बाहेर पडलं, "वाऱ्यानं उडाली व्हती, मावशी. आत्ताच परत घातली."

शेवंताबाईनं ताडपत्रीचं एक टोक धरलं. पण उशीर झाला होता. नऊ वाजेपर्यंत पाऊस थांबला, तोवर सगळं भिजून वास सुटायला लागला होता. तो आख्खा रविवार दोघी घमेल्यांनी ओला जवळा उपसत होत्या. शांतवनही झोप सोडून मदतीला आला. सानपाड्याला कोणीच गेलं नाही. पांढरा फ्रॉक खिळ्याला टांगलेला राहिला आणि तबिथा दारात बसून, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून, खळ्याकडं बघत राहिली.

सोमवारी व्यापाऱ्याची गाडी आली तशी रिकामी गेली. हा माल आता माणसाच्या तोंडी जाणार नव्हता. जो वाळेल तो कोंबड्यांच्या खाद्यात. दुपारी शेडमध्ये बायका नासलेला निवडायला बसल्या होत्या. शेवंताबाई, तिची सून भाविका, शेजारची गंगू आणि रिबिका. तेवढ्यात शाळेतून आलेली तबिथा दप्तरासकट समोर येऊन उभी राहिली. हात जोडलेले, पाठ ताठ.

"आजी, पाऊस मी मागितला होता. शनिवारी. चुकलं. परत नाही मागणार."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग गंगू खो खो हसली. "ऐकलंस काय गो भाविका? आमी वेधशालेला शिव्या देतो, आन पाऊस हिनं पारला!"

शेवंताबाई हसली नाही. "कोनाजवल मागलास?" तिनं विचारलं.

"देवाजवळ."

"कनाला?"

"आईला सुट्टी मिळावी म्हणून."

शेवंताबाईचे हात जवळ्यात तसेच राहिले. तिनं पोरीवरून नजर काढली आणि रिबिकाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. रिबिकानं मान खाली घातली आणि कचरा वेचू लागली. तिथंच बोलायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, आत कुठंतरी तिला थोडं हायसंही वाटलं. पोरीनं मागितलेला पाऊस म्हटल्यावर ताडपत्रीचं कोण विचारतो? हे हायसं वाटणंच तिला नंतर फार लागलं.

तबिथानं आईनं शिकवलेल्या रस्त्यानं पहिलं पाऊल बरोबर टाकलं होतं. फक्त गुन्हा तिचा नव्हता.

त्यानंतर गल्लीत तिची पावसावाली झाली. गंगू नळावर भेटली की विचारी, "काय बाय, आज कपरे सुकत घालू का नको?" होडीवरचा मधुकर म्हणे, "आमच्यासाठी पापलेट माग गो एकदा." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. दमलेल्या माणसांना हसायला काहीतरी लागतं. पण सहा वर्षांच्या पोरीला हसण्यातला फरक कुठं कळतो? ती नळावर जाईना. खळ्याच्या बाजूनं जाताना तोंड फिरवून पळे.

सोमवारी रात्रीच्या जेवणाला आभार मानायची पाळी तिची होती. ती ताटाकडं बघत गप्प बसली.

"म्हण ना, तबू. भूक लागली योनाला," रिबिका म्हणाली.

"योनाला म्हणू दे."

मंगळवारीही तेच. बुधवारी रिबिकानं तिला जवळ घेतलं. केसांना खोबरेल लावता लावता विचारलं, "देवावर रागावलीस?"

"नाही."

"मग?"

"मी काही मागितलं, की लोकांचं नुकसान होतं."

रिबिकाचे तेलाचे हात थांबले. "वेडे, पाऊस तुझ्यामुळं न्हाई आला."

तबिथानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. "मग देव ऐकत नाही?"

आता काय सांगावं? ऐकतो म्हणावं, तर पोरीच्या माथी सगळा जवळा. ऐकत नाही म्हणावं, तर सहा वर्षं चटईवर बसून शिकवलं ते कशासाठी? रिबिकानं वेणी घालायला घेतली, ती इतकी घट्ट ओढली, की पोर कळवळली.

शांतवनला तिनं नुसतं एवढंच सांगितलं, की पोर प्रार्थना करत नाही. तो कुशीवर वळत म्हणाला, "विसरंल दोन दिवसांत. पोरं ती." त्याला ताडपत्रीचं माहीत नव्हतं. त्यालाही सांगितलं नव्हतं. खोटं एकदाच बोलली होती ती, पण ते रोज नव्यानं सांभाळावं लागत होतं.

गुरुवारी सकाळी नवा जवळा आला. ती खळ्यावर तो पसरत होती. ऊन कोवळं होतं, खाडीवर धूर बसावा तसं धुकं होतं. खराट्यानं एकसारखा पातळ थर करता करता तिच्या मनात आलं, की त्या दिवशी ताडपत्री घातली असती तर काय झालं असतं? पाऊस पडलाच असता. जवळा खाली सुका राहिला असता. खळा ओला, माल पसरता आला नसता, म्हणून शेवंताबाईनं स्वतःच म्हटलं असतं, जा गो घरी. आणि नऊला पाऊस थांबल्यावर ती पोरांना घेऊन सानपाड्याला गेली असती. पहिल्या रांगेत बसली असती, उघड्या डोळ्यांनी. पोरीनं मागितलं तसं, अगदी तसंच झालं असतं. देवानं त्याचं काम केलं होतं. आईचं राहिलं होतं.

खराटा हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग तिला रडू फुटलं. खारट वाऱ्यात डोळ्यांतलं पाणी लगेच सुकत होतं, पण थांबत नव्हतं.

शेडमध्ये बायका पाट्या रिकाम्या करत होत्या. त्याच तिघी. शेवंताबाईला बाजूला बोलवावं, असं रिबिकाला फार वाटलं. पण पोरीनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दप्तर पाठीवर असताना.

"मावशी," ती म्हणाली, "ताडपत्री वाऱ्यानं उडाली न्हवती. म्या घातलीच न्हवती. घरी फ्रॉक शिवायचा व्हता, कंटाळा केला. आन तुमाला खोटं सांगितलं. पोरीचा काही दोष न्हाई. चुकलं माझं."

भाविकाच्या हातातली पाटी तशीच राहिली. गंगूनं या वेळी हसायचं धाडस केलं नाही.

शेवंताबाईनं कमरेची पिशवी सोडली, पान काढलं, चुना लावला. घाई केली नाही.

"मना म्हायती हाय," ती म्हणाली.

रिबिकानं मान वर केली.

"वारा ताडपत्री उरवतो गो. दगड उचलून शेडात उतरंड लावून ठेवतो काय? मी ऐतवारीच बगला. दगड सगले जाग्यावर, सुके ठनठनीत." तिनं पान तोंडात घातलं. "मी काय बोललो नाय. म्हटला, बाई गरीब हाय, भ्याली असंल. उद्या सांगंल. मग तुजी पोर आली, हात जोरून उभी राहिली माज्याम्होरं. तरी तू गप. जवल्याचा नुस्कान मी बगीन. पन तीन दिस पोरीचे डोक्यावर दिलास ना, त्याचा मना राग हाय."

रिबिकानं हातातला खराटा खाली ठेवला.

"खोलीवर रहा तू," शेवंताबाई पुढं म्हणाली. "पन खल्याची राखन आता गंगू करंल. तू नासका जवला गोनीत भर. नाताल होईस्तोवर."

नासका जवळा भरायचा म्हणजे कोपरापर्यंत हात त्या घाणीत. तो वास आंघोळीनं जात नाही, केसांत बसतो, पोरं जवळ आली की नाक दाबतात. खळ्यावरची सगळ्यांत हलकी मजुरी. रिबिकानं पदर खोचला आणि गोणी ओढून घेतली. भाविका नकळत थोडी बाजूला सरकून बसली. रिबिकानं ते बघितलं आणि गिळलं.

दुपारी ती घरी आली तेव्हा तबिथा योनाला भात कालवून देत होती. शांतवन उठून भिंतीला टेकून बसला होता. रिबिकानं तीनतीनदा हात धुतले, तरी वास राहिलाच. ती पोरीसमोर बसली.

"तबू, त्या दिवशी ताडपत्री उडाली न्हवती. मी घातलीच न्हवती. म्हणून जवळा भिजला."

शांतवन भिंतीपासून सरकून सरळ बसला.

तबिथाच्या कपाळावर बारीक आठी पडली. "पण तू आजीला सांगितलंस, उडाली."

"खोटं बोलले."

एवढा मोठा शब्द आईच्या तोंडून आल्यावर पोर गांगरली. तिनं विचारलं, "मग पाऊस?"

"पाऊस देवानं पाडला. तू मागितलास म्हणून पाडला, का त्याच्या मनात व्हता म्हणून, ते मला न्हाई सांगता यायचं. पण पावसानं माल न्हाई बिघडवला. मी बिघडवला. झाकायचं काम माझं व्हतं. झाकलं असतं, तर मला सुट्टी मिळाली असती आन मी तुझं वचन ऐकायला आले असते."

तबिथा हे सगळं मनात लावून बघत होती. ओठ हलत होते. तीन दिवस ती पाऊस पाडणारी पोर होती. ते ओझं उतरताना क्षणभर तिचा चेहरा हिरमुसलासुद्धा. मग खांदे खाली आले आणि तिनं मोठा श्वास सोडला.

"आजीला सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"रागावली?"

"रागावली. बरोबर रागावली."

तबिथानं भाताचे हात पाण्यानं धुतले, फ्रॉकला पुसले आणि चटईवर मांडी घातली. आईला ओढून समोर बसवलं. योना घास घेऊन तिथंच येऊन टेकला.

"हात जोड," ती म्हणाली.

रिबिकानं हात जोडले. तो घाणेरडा वास त्या दोघींच्या मध्ये आला. तबिथाचं नाक मुरडलं, पण ती मागं सरकली नाही.

"डोळे मिट. माझ्या मागून म्हण. देवा, माझं चुकलं."

"देवा, माझं चुकलं."

"मी ताडपत्री घातली नाही आणि खोटं बोलले."

"मी ताडपत्री घातली न्हाई आन खोटं बोलले."

"परत नाही करणार."

रिबिका अडखळली. तबिथा थांबली. घाई न करता, आई थांबते तशीच थांबली.

"परत न्हाई करणार," रिबिका म्हणाली.

"आणि जेवणासाठी तुझे आभार. आमेन."

योनानं भरल्या तोंडानं आमेन म्हटलं. शांतवननंही हलकेच म्हटलं. रिबिकाला डोळे उघडवेनात, पापण्यांखाली सगळं साचलं होतं. तबिथाचा छोटा, भाताच्या वासाचा हात तिच्या गालावर आला आणि तो तिथं राहिला.

"झालं, आई," तबिथा म्हणाली. "जेव आता."